खारबांधावरच्या नोंदी : मे ते ऑक्टोबर २०२५

२ मे
प्रकल्पाची वही या हंगामात माझ्याकडे आली. आधी जागेबद्दल लिहिते, म्हणजे पुढे वही हातात घेणाऱ्याला अडणार नाही.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, खाडीच्या काठी, जुन्या मिशन बंगल्यात आमचं निवासघर आहे. कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत. मी वसईची, एक मुलगा नगरकडचा, दोघी कोल्हापूरच्या, बाकीचे इथल्याच वाड्यांतले. पाळककाका आणि काकू कायमचे. आम्ही पुढच्या मार्चपर्यंत. पहाटे प्रार्थना, मग उकड्या तांदळाची पेज, मग शेत नाहीतर खाडी. दुपारी अभ्यास. स्वयंपाक, भांडी आणि खतखड्डा पाळीने. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं वाक्य आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ते हातांनी शिकावं म्हणून इथे आलो आहोत.

जमीन दोन टप्प्यांची. वरची खार (खाडीलगतची खारी शेतजमीन), मध्ये आडवा बांध, मग खालची खार, आणि तिच्या पलीकडे खाडीला लागून बाहेरचा बांध. बाहेरच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, कुजली आहे. उधाणाला खारं पाणी आत शिरतं, पण ओहोटीला पुरतं बाहेर पडत नाही. ते साचतं, तापतं, आटतं, आणि मागे पांढरा थर राहतो. खालच्या खारीत आज भातही नाही आणि कांदळही, म्हणजे खारफुटीही, नाही. बाहेरच्या बांधासमोर ओहोटीला मोठा चिखलपट्टा उघडा पडतो.

या हंगामाचा प्रश्न एवढाच: या खालच्या तुकड्याचं काय करायचं? कागदावरच्या आराखड्यात दोन गोष्टी आहेत: बाहेरचा बांध पुन्हा बांधून सगळीकडे भात घ्यायचं, आणि समोरच्या चिखलावर कांदळाची रोपं लावायची. रोपांसाठी देणगीही तयार आहे. आधी पाहणी, मग निर्णय, असं काकांनी ठरवलं आहे.

६ मे
पाहणी सुरू. वरच्या खारीतली माती ठिकठिकाणची घेऊन पाण्यात कालवली, निवळू दिली आणि क्षारमापक बुडवला. मातीच्या अर्काचं मोजमाप ४ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेलं की जमीन खारपड धरतात. आमची कालवण्याची रीत ढोबळ आहे, पण चढउतार कळायला पुरते. आडव्या बांधालगतची माती फार खारी, वर चढत गेलं की कमी. आडवा बांध खेकड्यांनी पोखरलाय. भात वाचवायचं तर आधी तो बुजवायला हवा.

९ मे
आजची नोंद मोठी होणार.

सकाळच्या ओहोटीला गाबीतवाडीतल्या मावशीबरोबर चिखलपट्ट्यावर गेलो. त्या तिसऱ्या नि खुबे या शिंपल्या काढायला रोज येतात. पाय कसा टाकायचा हे त्यांनी पहिल्यांदा शिकवलं: टाच आधी नाही, पाऊल आडवं, आणि थांबायचं नाही. आम्ही गुडघ्यापर्यंत रुतलो, त्या चालत राहिल्या. बोटांनीच शिंपली ओळखतात. लहान असेल तर न बघता परत टाकतात.

कांदळ लावायचं म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या. "हय झाडां लावलात तर आमी तिसरे खय काढूचे?" मग पुढे म्हणाल्या, "आणि ती ऱ्हवाची नाय. आधी कोणी लावलेली, उधाणात सगळी व्हावान गेली."

परत आल्यावर जीवशास्त्र शिकलेल्या कोल्हापूरच्या मैत्रिणीने याची दुसरी बाजू सांगितली. कांदळवन भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कुठेही उगवत नाही. साधारण मध्यम समुद्रपातळीच्या वरच्या भागातच ते धरतं. त्याखालचा चिखल दिवसातून फार वेळ पाण्याखाली असतो; तिवरासारखं खाऱ्या पाण्याला सरावलेलं झाडही तिथे गुदमरतं. जगभर कांदळाच्या लागवडी फसतात त्याचं हे मोठं कारण: जमीन मिळते ती नेमकी हीच उघडी, खालची, कुणाच्या मालकीची नसलेली. शिवाय तो चिखल रिकामा नसतोच. शिंपले, कुर्ल्या, किडे, आणि पावसाळ्याच्या शेवटी उत्तरेकडून येणारे चिखल्या, तुतवार, कोरल हे पक्षी. त्यांचं जेवण तिथेच वाढलेलं असतं.

मावशींना हे सगळं त्यांच्या पायांनी ठाऊक आहे. ईयोबाच्या पुस्तकात आहे ना, पशूंना विचार, पृथ्वीला विचार, समुद्रातले मासे तुला सांगतील. माशांपर्यंत पोचायच्या आधी मासे काढणारीला विचारावं, एवढी भर मी त्यात घालीन.

१३ मे
काल पौर्णिमा, आज उधाण. भरती कुठपर्यंत चढते त्यावर बांबूचे खुंट ठोकले. पाण्याच्या नळीने पातळ्या जुळवल्या, गवंडी भिंतीची पाणसळ पाहतो तशा. निष्कर्ष स्पष्ट आहे. समोरचा चिखल कांदळासाठी खूप खाली. खालची खार मात्र बरोबर उंचीवर आहे. तिथे कांदळ नाही याचं कारण उंची नव्हे. पाणी कोंडलेलं आहे, हे कारण.

संध्याकाळी तांडेल आबांना खुंट दाखवले. त्यांचं सगळं आयुष्य होडीवर गेलं. खुंटांकडे बघून म्हणाले, "पाण्याक वाट मोकळी करा. बी आपापच येतला."

१६ मे
दुपारच्या अभ्यासात लिन व्हाइट. या अमेरिकी इतिहासकाराने १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला आणि निसर्गाच्या आजच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात दाखवलं. सृष्टी माणसाच्या वापरासाठी केली, माणूस तिचा धनी, ही समजूत. बऱ्याच ख्रिस्ती वाचकांना हा लेख झोंबला. पण त्याच लेखात त्यांनी असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा पालक संत मानावं असंही सुचवलं होतं, आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला तो मान खरोखरच दिला.

नगरकडच्या मुलाचा प्रश्न चांगला होता. तो म्हणाला, जंगल तोडणारा स्वतःला धनी समजतो हे कळतं. पण मोकळी जागा दिसली की तिथे आपल्याला हवं ते झाड लावणारा? त्याच्या मनात धनी कोण असतो? बराच वेळ कुणी बोललं नाही. माझ्या मते आमच्या प्रकल्पाचा नेमका प्रश्न हाच आहे. राखणदाराला आधी हे बघावं लागतं की तिथे आधीपासून कोण राहतंय.

१७ मे
बैठक. एकमताने ठरलं:
वरच्या खारीत भात. त्यासाठी आडवा बांध दुरुस्त.
बाहेरच्या बांधाला दोन ठिकाणी मोठ्या वाटा, म्हणजे खालच्या खारीत पाणी येईल तसं जाईल.
चिखलपट्ट्याला हात लावायचा नाही.
कांदळ कुठेही लावायचं नाही. येईल ते येईल.

बाहेरच्या बांधावर, जिथे वाटा पाडायच्या तिथे, एकही कांदळ नाही हे पुन्हा पाहिलं. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे, २००५पासून. २०१८च्या निकालाने कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. त्यामुळे वनखात्याचे कर्मचारी येऊन पाहून गेले आणि लेखी परवानगी मिळाली, तोवर कुदळ उचलली नव्हती. भरती-ओहोटी मोकळी करणं आणि कांदळ तोडणं या उलट दिशेच्या गोष्टी आहेत, तरी कागद हवाच.

१९ मे
बांध फोडायच्या आधी वाडीतल्या मंडळींनी सांगितलं, राखणदाराला गाऱ्हाणं घालायला हवं. या गावात सीमेचा, खाडीचा राखणदार देव असतो. त्याला न विचारता बांधाला कुणी हात लावत नाही.

आमच्यात चर्चा झाली. काहींना अवघड वाटलं, आणि ते अवघड वाटणं खरं होतं. आमच्या श्रद्धेत आम्ही एकाच देवापुढे गुडघे टेकतो. काकांनी सरळ मार्ग काढला. जमीन आपल्या नावावर असली तरी खाडी सगळ्या गावाची आहे, गावाला विचारल्याशिवाय काम नको. आम्ही आदराने बाजूला उभे राहिलो. आबांनी खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा," आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी "व्हय म्हाराजा!" म्हणत गेली. त्यात पोरांची, होड्यांची, गुरांची, माशांची आणि आमचीही काळजी होती. त्यानंतर आम्ही १०४वं स्तोत्र वाचलं, पाण्याला देवाने सीमा घालून दिली ते. आबा आणि मावशी तसेच आदराने उभे राहिले. मग सगळ्यांनी मिळून कुदळी घेतल्या.

पहिली वाट दुपारपर्यंत झाली.

२१ मे
पाऊस. वळीव म्हणावा असा नाही, धो धो. दुसरी वाट अर्धवट. माती चिकट झाली आहे, घमेली उचलवत नाहीत.

२२ मे
दुसरी वाट पूर्ण, भिजत. आडव्या बांधाची खेकड्यांची बिळं चिकणमातीने बुजवली, वर दगडाची पिचिंग. वाडीतल्या पाच-सहा जणांनी मदत केली, मजुरी घेतली नाही. त्यांच्या शेताला बांध घालताना आम्ही जायचं, हा इथला व्यवहार.

२५ मे, रविवार
मान्सून कोकणात आल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. मे महिन्यात! दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यानंतरची वाट बघायची असते. आम्ही थोडक्यात वाचलो. वाडीत अजून राब (भाताची रोपं करायची जागा) भाजायचे राहिलेत, त्यासाठी तोडलेला पाला-फांद्या, म्हणजे कवळ, ओलं झालंय. अनेकांची आंब्याची शेवटची तोडणी बुडाली. हवामान बदललं की पहिला फटका पंचांगावर विसंबणाऱ्याला बसतो.

काल पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाला दहा वर्षं झाली. ते स्वतः एप्रिलमध्ये गेले. उपासनेत त्यातला पृथ्वीचा आणि गरिबाचा आक्रोश एकच आहे हा भाग वाचला. ओल्या कवळाकडे बघत बसलेली वाडी समोर असताना तो भाग समजावून सांगावा लागला नाही.

२८ मे
राब न भाजताच तरवा टाकला, म्हणजे लावणीच्या रोपांसाठी बी पेरलं. बियाणं कोरगुटचं, मावशींच्या पेडण्याच्या नातलगांकडून आलेलं. खाऱ्यात तग धरणारं जुनं भात. काल अमावास्या होती, उधाणाचं पाणी दोन्ही वाटांनी आत आलं आणि ओहोटीला जवळजवळ सगळं बाहेर गेलं. खालच्या खारीत साचलेलं, वास येणारं पाणी हललं.

१ जून
आजपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ. स्वयंपाकघरात खारे बांगडे आणि गोलमा. लेवीय पुस्तकाचा २५वा अध्याय वाचायला घेतला: सहा वर्षं जमीन पेरा, सातव्या वर्षी तिला विसावा द्या, आणि आपोआप उगवेल ते तुम्हाला, तुमच्या चाकरांना, परक्यांना, गुरांना आणि रानातल्या जनावरांनाही. आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, सरकारी कायदा यायच्या आधीही नारळी पुनवेपर्यंत होडी दर्यात घालायची नाही असंच होतं. नियम मोडणारेही तेव्हापासून आहेत, असंही म्हणाले.

१८ जून
क्षार उतरताहेत. कोकणातला पाऊस हीच खारजमिनीची धुलाई. वरच्या खारीत पाणी भरू द्यायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं, ओहोटी बघून सोडायचं, पुन्हा भरायचं. पाणी सोडायची वेळ चुकली तर क्षार तिथेच बसतात. म्हणून रात्रीच्या ओहोटीलाही कुणीतरी उठतं. या पाळीला आम्ही 'जागरण प्रार्थना' म्हणायला लागलोय, कारण कंदील घेऊन उघाडीपाशी बसलं की दुसरं काही सुचत नाही.

४ जुलै
मोजमाप ४च्या खाली, बांधालगतचा कोपरा सोडून. लावणी सुरू.

१३ जुलै, रविवार
लावणी अर्धी झाली. तरवा वाढून चाललाय आणि आज पाऊस अगदी हवा तसा. शेताला जायचं की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळायचा, यावर पेजेच्या वेळी बोलणं तापलं. एकीचं म्हणणं, गाय खड्ड्यात पडली तर शब्बाथाच्या दिवशीही काढतातच. दुसरीचं म्हणणं, शेतीत दर आठवड्याला एखादी गाय खड्ड्यात असते. असंच धरलं तर विसावा कधीच होणार नाही. मी दुसरीच्या बाजूची होते. विसावा सोयीचा असताना घेतला तर त्यात भरवसा कुठे?

काकूंनी ठरवलं ते सगळ्यांना पटलं. आमची लावणी उद्या. आज मिस्सा आणि उपासना झाल्यावर ज्यांना वाटेल त्यांनी वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या कुणग्यात (भाताच्या लहान शेतात) जावं. त्यांच्याकडे लावायला माणूसच नाही. आम्ही जवळजवळ सगळे गेलो. आजींनी नाचणीची आंबील दिली.

आमच्या तरव्यातला थोडा पिवळा पडला. तो सोडून दिला.

२५ जुलै
फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना जाऊन आज वर्ष झालं. संध्याकाळच्या प्रार्थनेची पाळी माझी होती, आणि त्यांच्याविषयी बोलायचं मी आधीच ठरवलं होतं.

वसईत आमच्या घरात त्यांचं नाव विहिरीच्या पाण्याबरोबर निघतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी शहराला आमचा हिरवा पट्टा गिळायचा होता. केळीच्या, पानवेलीच्या बागांतून टँकर भरभरून पाणी निघत होतं, विहिरी खाऱ्या होत चालल्या होत्या. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत लोक रस्त्यावर उतरले आणि एक धर्मगुरू त्यांच्या पुढे चालला. धमक्या आल्या, तरी थांबला नाही. पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला ते कळले. आम्हाला त्याआधी पाण्यामुळे कळले होते.

गोडं पाणी जास्त उपसलं की समुद्राकाठच्या भूगर्भात खारं पाणी आत सरकतं. वसईत माणसाच्या हावेने खार आत आली. इथे आम्ही मुद्दाम वाट करून खाऱ्या पाण्याला आत घेतोय. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच: पाणी कुणाच्या हद्दीत कुठवर. मला वाटतं फादरांना हे काम आवडलं असतं.

१० ऑगस्ट
काल पौर्णिमा झाली. होड्या गेल्या. खालच्या खारीत भरतीच्या रेषेवर, पालापाचोळ्यात अडकलेल्या तिवराच्या बिया! बदामासारख्या चपट्या, साल सोललेल्या, काहींना मुळं फुटलेली. तिवराचं बी झाडावरच अंकुर धरतं, पावसाळ्यात गळून तरंगत जातं, आणि उधाण ओसरून काही दिवस पाणी चढलं नाही अशी जागा सापडली की रुजतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत त्याला तेवढी उसंत मिळते. मोजायची घाई नाही. बघायला मावशी आल्या, एक बी हातात घेतलं, जिथून घेतलं तिथेच ठेवलं.

२५ ऑगस्ट
परवाच्या अमावास्येचं उधाण मोठं होतं. बऱ्याच बिया गेल्या, नव्या आल्या. वरच्या कडेला ज्या रुजल्यात त्या टिकल्या. चिपीची, म्हणजे दुसऱ्या एका कांदळाची, दोन-तीन रोपंही दिसतात. आता पंधरवड्यातून एकदा ठरावीक चौकोनांत मोजणी.

उद्यापासून अर्धी वाडी गणपतीच्या गडबडीत. मोजणीला आम्हीच.

१ सप्टेंबर
सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस. ही प्रथा १९८९ साली ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख धर्मगुरू दिमित्रिओस यांनी सुरू केली. आता अनेक मंडळ्या ४ ऑक्टोबरपर्यंतचा काळ पाळतात. आम्ही सकाळी कांदळात अडकलेली जुनी नायलॉनची जाळी काढली. एका जाळीत मेलेली कुर्ली, दुसरीत जिवंत. हे काम दर महिन्याला व्हायला हवं.

८ सप्टेंबर
मारियेचा जन्मदिवस. कोरगुटची पहिली कणसं वेदीवर. बांधालगतच्या कोपऱ्यात भात नाहीच, बाकी बरं आहे. थोडी कणसं आजींच्या दाराला बांधायला दिली.

४ ऑक्टोबर
फ्रान्सिसचा सण. कापणी सोमवारपासून. चिखलपट्ट्यावर कोरल आले आहेत, लांब वाकड्या चोचीचे, मावशींपासून हाकेच्या अंतरावर चरतात आणि त्यांना घाबरत नाहीत.

देणगीदारांचा तक्ता आला. त्यात 'लावलेली रोपे' असा रकाना आहे. तिथे शून्य लिहिलं आणि सोबत चौकोनांची मोजणी, खुंटांच्या पातळ्या आणि मावशींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत जोडलं. रोपांचे पैसे उरलेत. ते आडव्या बांधाच्या देखभालीला आणि जाळी काढणाऱ्यांच्या मजुरीला वापरू द्यावेत अशी विनंती केली आहे. नाही म्हणाले तर परत करायचे, असा ठराव झाला.

शहरातल्या एका महाविद्यालयाचीही विचारणा आली: मुलं येतील, चिखलपट्ट्यावर रोपं लावतील, फलक आम्ही आणू. काकांनी उत्तर मला लिहायला सांगितलं. लिहिलं की जरूर या, रोपं नकोत. येताना जाड हातमोजे, कात्र्या आणि जाळी भरायला पोती आणा. ओहोटी सकाळी असेल असा दिवस आम्ही कळवू, आणि चिखलात चालायला मावशी शिकवतील. त्यांच्या दिवसाच्या कमाईइतकं मानधन महाविद्यालयाने द्यावं.

पुढच्या पानापासून वही नगरकडच्या मुलाकडे. त्याच्यासाठी: क्षारमापकाची बॅटरी बदलायची आहे, पश्चिमेच्या वाटेची एक कड ढासळते आहे, आणि भांगाला मोजणी चुकवू नये.